जीव थळला राही

माणगाव,
९ जानेवारी २०२५

वहिनी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही एकाच लिफाफ्यात घालतोय. परवा फोन केला होता. चिरंजीव निकेतने तो तुमच्या कानाला लावला, तुम्ही 'कोण बोलतंय' विचारत राहिलात आणि मी स्वतःचं नाव सांगून सांगून दमलो. खालच्या दुकानदाराला वाटलं, मी कुणाशी भांडतोय. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला ओरडावं लागत नाही.

बातमी अशी, की या वयात सरकारने मला एका खुर्चीवर बसवलंय. जिल्हा माजी सैनिक सल्लागार मंडळाचा मी बिनसरकारी सभासद झालोय. कागद आला तेव्हा फरिदाने तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, या घरात भाजीत मीठ किती यावर तुमचा सल्ला कोणी घेत नाही, सरकार कशाला घेतंय? तिचंही खरं आहे. मंडळाला हुकूम काढता येत नाही. गावोगाव फिरायचं, कुठल्या जुन्या शिपायाचं, कुठल्या शिपायाच्या विधवेचं काय अडलंय ते विचारायचं, कागद सरळ लावायचे आणि वर शिफारस पाठवायची. आमचे सचिव निवृत्त कर्नल आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हवालदारसाहेब, आपण माणसाला दारापर्यंत नेऊन उभं करायचं. दार उघडणं त्यांच्या हातात."

अडलेल्या प्रकरणांचा एक गठ्ठा माझ्या वाट्याला आला. त्यात वरून तिसरं नाव: नायक मोरू, मुक्काम थळ. चष्मा काढून पुसला, वहिनी. मोरू जाऊन सव्वा वर्ष झालं, पण माझ्या डोळ्यांपुढे तो चौथीच्या वर्गात बाकावर उभा होता. गुरुजी गण पाठ करून घ्यायचे, य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गं, आणि मोरू ते जाळ्याच्या गाठी मोजल्यासारखं म्हणायचा, अर्ध्यात गाठ सुटायची. मी खालून पुटपुटून सांगायचो. पुढे एकाच दिवशी भरती झालो, तो बंदुकीवर, मी कचेरीत. तिथेही मी पुटपुटतच राहिलो.

तुमचं काम अगदी किरकोळ आहे. नावात जरासा फरक आहे, बाकी काही नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि लग्नाचा एखादा फोटो निकेतकडून पाठवा. विधवा म्हणून तुमची नोंद झाली, ओळखपत्र मिळालं, की सैनिकांच्या दवाखान्यात कानाचं यंत्रही मिळेल. मग मी फोनवर कविता म्हणून दाखवीन. तेव्हा यंत्र काढून ठेवलंत तरी चालेल.

आपला,
सिराजुद्दीन


थळ,
२० जानेवारी २०२५

सिराजभावजी,

पत्र पोचलं. खुर्ची मिळाली, अभिनंदन. ते असते तर म्हणाले असते, सिराजला खुर्ची दिली, आता तिच्यावर बसून तो खिडकीबाहेर बघेल.

कागद पाठवतेय. लग्नाचा फोटो एकच आहे, त्यात मी मुंडावळ्यांत झाकलेली आहे आणि ते डोळे मिटून उभे आहेत. तुम्हाला तेव्हा रजा मिळाली नव्हती, ते त्यांना फार लागलं होतं.

माझ्या कानांचं मोठंसं काही नाही. आता कारखान्याचा भोंगासुद्धा मला दुरून आल्यासारखा वाटतो, सवय झाली. पण शेजारची सगुणा रोज म्हावरं विकून येताना दारात पाटी टेकते आणि विचारते, "तुजा कागुद आला का न्हाय?" पन्नास वर्षं ज्यांचं घर सांभाळलं, त्यांची मी बायको आहे की नाही हे कागद ठरवणार, आणि तो येत नाही. लाज वाटते.

सरकारकडून जी चिठ्ठी आली ती इंग्रजीत होती. निकेतने वाचली. त्यात एवढंच आहे की अर्जातलं नाव आणि पलटणीतल्या नोंदीतलं नाव जुळत नाही. तुम्ही म्हणता जरासा फरक. म्हणजे काय लिहिलंय तिथे? सत्यवतीचं सत्यभामा झालंय का? ते नाव लिहून पाठवा, म्हणजे निकेत तसं प्रतिज्ञापत्र करून घेईल.

फरिदाभाभींना सांगा, आंब्याला मोहोर चांगला आहे.

सत्यवती


माणगाव,
२ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

कागद मिळाले. मोरूचे मिटलेले डोळे बघितले. फोटोवाल्याने 'हसा' म्हटलं असेल आणि हा गोंधळला असेल.

परवा मंडळाची बैठक झाली. एक म्हातारा सुभेदार तिकडून डोंगरातून एसटीने आला होता, छातीला पदकं लावून. त्याला काही मागायचं नव्हतं. आपल्यासाठी कुणीतरी बसतं हे ऐकलं म्हणून बघायला आला होता. कर्नलसाहेब उठून उभे राहिले, मग आम्ही सगळेच राहिलो. मंडळाचं त्या दिवसाचं तेवढंच काम मला पटलं.

आजकाल मला ती सरहद्दीवरची, बर्फातली वरची चौकी फार आठवते. इथे महामार्गावरचे ट्रक रात्रंदिवस जातात, पण डोळे मिटले की सगळं पांढरं आणि गप्प. तुम्ही पाठवलेलं सुकटीचं पार्सल एकदा तीन महिन्यांनी पोचलं होतं. पंजाबी स्वयंपाक्याने वासावरून ठरवलं, की आत काहीतरी मेलंय. मोरूने ती सुकट तव्यावर भाजली आणि पहिली चिमूट मला दिली. बर्फात बसून आम्ही दोघांनी दर्या खाल्ला. तेव्हा मला शाळेतल्या कवितेतलं एक कडवं आठवलं होतं, मी ते म्हणायला लागलो, आणि मोरू म्हणाला, "गप जेव."

नावाची काळजी करू नका. कारकुनी चूक असते. पुढच्या बैठकीत मी बघतो.

सिराजुद्दीन


थळ,
११ फेब्रुवारी २०२५

भावजी,

पत्र पोचलं. बर्फ वाचला, सुकट वाचली. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं सापडलं नाही. दोनदा शोधलं.

निकेत कचेरीत जाऊन आला. तिथल्या माणसाने सांगितलं, नावात चूक नाही, नाव दुसरंच आहे. कागद आता मंडळाच्या माणगावच्या सभासदांकडे आहे, त्यांना विचारा. म्हणजे तुम्हाला.

बायकोच्या जागी दुसरं नाव म्हणजे दुसरी बाई, हे कळायला माझी सातवी पुरते. ते इतकी वर्षं परमुलखात होते. पुरुष एकटे असतात, थंडी असते, हे मी ऐकलेलं आहे. तेव्हा सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते आणि मग काय ते ठरवलं असतं. आता भांडायलाही माणूस नाही.

मला राग त्यांचा आहे की तुमचा, ते कळत नाही. तुम्ही शाळेपासूनचे मित्र. तुम्ही लपवताय म्हणजे खरंच असणार. खोटं असतं तर पहिल्याच पत्रात हसत लिहिलं असतंत.

गेले आठ दिवस त्यांच्या फोटोला हार घातला नाही. पुसते मात्र. धूळ बसलेली बघवत नाही.

तिचं नाव काय आणि ती जिवंत आहे का, एवढं लिहा. तेही जमणार नसेल तर माझा अर्ज मागे घ्या. तिचं नाव खोडून त्या जागी मला बसायचं नाही.

सत्यवती


माणगाव,
१४ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुमचं पत्र फरिदाने वाचलं, मी वाचायच्या आधी. मग माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "एका बाईला तुम्ही उगाच सवत दिलीत. नाव सांगायला जीभ झडत होती का? की त्यालाही चाल लावत होतात?" लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, इतकं खरं ती क्वचितच बोलली असेल.

आधी हे वाचा: दुसरी बाई नाही. कधीच नव्हती. अल्लाला साक्ष ठेवून लिहितो. मोरूचा काही दोष नाही. दोष कारकुनाचा आहे आणि तो कारकून मी आहे.

जानेवारी चौऱ्याहत्तर. तुमचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. ज्यांची लग्नं झाली त्यांच्या बायकांची नावं पलटणीत नोंदवायची होती. मी कचेरीतून फॉर्म घेऊन वरच्या चौकीत गेलो. शेगडीभोवती सात-आठ जण, सुभेदारसाहेब, तो स्वयंपाकी. मी मोरूला विचारलं, बायकोचं नाव? तो म्हणाला, नाव घेत नाहीत. मी म्हटलं, सरकार विचारतंय. तो म्हणाला, सरकारने बाहेर यावं, कानात सांगतो. सगळे हसायला लागले. मग मीच चेष्टेने म्हटलं, उखाण्यात घे, उखाण्यात चालतं.

आणि वहिनी, ज्याला चौथीत चार ओळी पाठ होत नव्हत्या, त्याने जागच्या जागी जोडून उखाणा घेतला. तो मला आजही पाठ आहे:

पुढे बर्फ, मागे बर्फ, हिरवं नाही काही;
देह इथे पहाऱ्यावर, जीव थळला राही.

टाळ्या पडल्या. मराठी न कळणाऱ्यांनीही वाजवल्या. मी पेन धरून वाट बघत बसलो. उखाणा झाला, नाव कुठे? पण मोरू खाली बसला होता, कान लाल झालेले. मी म्हटलं, अरे, राही म्हणजे राहतो, जीव थळला राहतो. क्रियापद झालं, नाव घे ना. जुन्या कवितांत असा 'राही' पानोपानी भेटायचा, गुरुजींनी तो आम्हाला हजारदा समजावला होता. मोरू नुसता हसला आणि म्हणाला, "घेतलं की." मला वाटलं, टाळतोय. तेवढ्यात खालून टपालाची खेचरं निघाल्याची हाक आली, सुभेदारसाहेब माझ्यावर खेकसले, रिकामी जागा पाठवता येत नव्हती. मी त्याच्या ओळीतला शेवटचा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून टाकला. राही. मोरूने सही केली. मनात म्हटलं, पुढच्या महिन्यात खरं नाव घालू. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली.

पहिल्यांदा थळला तुमच्याकडे जेवायला आलो, तेव्हा रेशन कार्डावर सत्यवती वाचलं आणि तो फॉर्म आठवला. मोरूला विचारलं नाही. वाटलं, निवृत्त होताना त्याने दुरुस्त केलं असेल. खरं म्हणजे विचारायची हिंमत नव्हती. जन्मभर कवितांच्या नादात होतो आणि त्या नादात मित्राचं लग्न एका क्रियापदाशी लावून दिलं. त्यापायी तुम्ही आज दारात सगुणाबाईंना तोंड देताय, आणि मी सुकटीच्या गोष्टी लिहीत बसलो.

सत्तावीस तारखेला बैठक आहे. सभासदाच्या खुर्चीवरून उठून हे सगळं सांगणार आहे. लेखी जबाब देईन, मंडळाचा राजीनामाही देईन. ज्याची चूक, त्यानेच सल्ला देऊ नये.

माफ करा म्हणत नाही. हार मात्र घाला. त्याच्यावर अन्याय होतोय.

सिराजुद्दीन


थळ,
१९ फेब्रुवारी २०२५

भावजी,

तुमचं पत्र मी निकेतला वाचू दिलं नाही. दार लोटून घेतलं आणि त्यांच्या फोटोसमोर बसून वाचलं. सगुणा येऊन पाटी टेकून गेली, मी उठले नाही.

ते क्रियापद नव्हे. ते माझं नाव आहे.

मी किहीमची. माझ्या बापाने माझं नाव राही ठेवलं. तुमच्या इतक्या कविता पाठ, राही-रखुमाई ही जोडी तुम्हाला आठवू नये? गुरुजी असते तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं, आणि ह्यांनी खालून पुटपुटून सांगितलं असतं.

बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, नाव काय? मी सांगितलं. 'चांगलं आहे' म्हणाले. पण त्यांच्या एका आत्याचं नाव राही होतं, ती लहानपणी दर्यात बुडून गेलेली. सासूबाई म्हणाल्या, ते नाव पुन्हा या घरात नको. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि त्यांच्या हाताने सत्यवती लिहून घेतलं. त्यांनी अंगठीने ते इतकं फिकट लिहिलं की भटजींनी पुन्हा गिरवायला लावलं. चार दिवसांनी किनाऱ्यावर जाळी सुकत होती, आम्ही दोघं होतो, तेव्हा म्हणाले, "नाव बदललं ते घरापुरतं." मला वाटलं, मी हिरमुसलेय म्हणून समजूत घालताहेत. घराबाहेर माझं नाव कुठे लागणार, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. आज कळलं.

नंतर त्या नावाने मला कोणीच हाक मारली नाही. माहेरची माणसं एकेक करून गेली. सत्यवती म्हणायच्या सासूबाई आणि रेशन दुकानदार. ते घरात 'अगं' म्हणायचे, चारचौघांत 'निकेतची आई'. निकेतलासुद्धा काल सांगितलं तेव्हा कळलं, की आईला आणखी एक नाव आहे.

मी तुमच्यावर रागावणार होते, की दुसऱ्याच पत्रात तो एक शब्द लिहिला असतात तर मी पंधरा दिवस जळले नसते. पण मग तुम्ही तो उखाणा कधीच लिहिला नसतात. म्हणून राग अर्धाच ठेवलाय.

निकेत किहीमच्या शाळेत जाऊन आला. तिथल्या बाईंनी जुनी रजिस्टरं काढली, एका दुपारभर शोधलं, आणि सातवीचा माझा दाखला मिळाला. नाव राही, गाव किहीम. पोलीस पाटलांनीही लिहून दिलंय, की तीच ही. दोन्ही सोबत पाठवतेय. राजीनामा वगैरे देऊ नका. चूक नव्हतीच. तुम्ही बरोबर लिहिलंत, फक्त तुम्हाला ते ठाऊक नव्हतं.

कालपासून अबोलीचा हार घातलाय. थोडी भांडलेसुद्धा, की मला सांगून का गेला नाहीत.

एक मागणं आहे. पन्नास वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाच घेतलं आणि ते ऐकायला मी नव्हते, तुम्ही होतात. कसं घेतलं ते लिहा. कवितेसारखं नको. झालं तसं.

सत्यवती
(राही लिहून बघितलं होतं, हाताला सवय नाही, वेडंवाकडं आलं म्हणून खोडलं.)


माणगाव,
३ मार्च २०२५

राहीवहिनी,

रोजे सुरू झालेत. दुपारी लिहितोय, चहा नाही, त्यामुळे अलंकार सुचत नाहीत. तुम्हाला हवं तसंच पत्र होईल.

आधी बैठकीचं. तुमचं प्रकरण आलं तेव्हा मी सभासदांच्या रांगेतून उठून समोर अर्जदारांच्या बाकावर जाऊन बसलो. म्हटलं, यात मी साक्षीदार आहे, मला इथूनच बोलू द्या. फॉर्मची, खेचरांची, तांदळाच्या ताटाची सगळी हकिगत सांगितली. उखाणा म्हणायला लावला, म्हटला. कर्नलसाहेबांनी तो कागदावर उतरवून घेतला आणि शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, उखाणा पुरावा म्हणून लावायचा का? साहेब म्हणाले, दाखला पुरावा आहे, हा खुलासा आहे. शिफारस एकमताने झाली आणि दुसऱ्याच दिवशी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे रवाना झाली. तिकडून उत्तर यायला वेळ लागेल, पण आता विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

आणखी एक. मी पहिल्यांदाच मंडळाला सल्ला दिला आणि तो मानला गेला. आमच्या शिबिरांत जो अर्ज भरून घेतात, त्यात 'माहेरचे नाव' असा एक रकाना वाढवलाय. काल माणगावच्या शिबिरात एक म्हातारी त्या रकान्याशी येऊन थांबली. बराच वेळ आठवत राहिली. मग नाव सांगितलं आणि स्वतःच हसली. मी राजीनामा दिलेला नाही.

आता तुमचं मागणं.

बाकीचा उखाणा त्याने मोठ्याने म्हटला, शेगडीपलीकडच्यांनाही ऐकू जाईल असा. 'जीव थळला' म्हणून तो थांबला. मी बोटांवर मात्रा मोजत होतो. शाळेत शिकलो होतो, की लांब ओळीत मध्ये श्वास घ्यायला जागा असते, तिला यति म्हणतात. मला वाटलं, तोच. पण तिथे यति नव्हता, वहिनी. आता पुन्हा मोजून बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, शेगडीकडेही नाही. स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एकदा ओठ हलले, आवाज आला नाही. मग दुसऱ्यांदा म्हणाला. हळू. तेवढा शब्द त्याने आमच्यासाठी म्हटलाच नव्हता. मी जवळ बसलो होतो, म्हणून तो माझ्या कानावर पडला.

तुमचा भावजी,
सिराजुद्दीन